दोन कोटी अठ्ठेचाळीस लाख चौदा हजार एकशे तीन

धम्मपाल ओव्हाळांच्या घरात गुरुवारी भागाकार होत नसे. बाकीचे सहा दिवस सकाळचा चहा झाला की बाल्कनीत फोल्डिंगचं टेबल उघडायचं, त्यावर पाठकोरा कागद यायचा आणि एक, फक्त एक भागाकार व्हायचा. गुरुवारी मात्र टेबल भिंतीला टेकलेलं. पिंपरी-भोसरीच्या एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, तिथल्या माणसाचा रविवार गुरुवारीच उगवतो. उभा जन्म गुरुवारी सुट्टी घेतलेला माणूस, निवृत्त झाला म्हणून काय गुरुवारी कामाला बसणार?

"ह्या कामाला कोण हजेरी लावतंय, की सुट्ट्या पाळताय?" त्यांची बायको कस्तुरा विचारायची.

"सुट्टी नसली की कामाचा नाद होतो," धम्मपाल म्हणायचे.

मग हा नाद नव्हता तर काय होतं, हे तिने कधी विचारलं नाही. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला कुठला प्रश्न सोडून द्यायचा ते कळतं.

भागणारा आकडा रोज नवा असायचा, पण भागायचा आकडा कायम एकच. २,४८,१४,१०३. हा आकडा कशानेतरी पूर्ण भागला जातो का, आणि जात असेल तर कशाने, एवढंच धम्मपालांना हवं होतं. आजकाल हे कळायला मोबाईल पुरतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत तो सांगतो. हे धम्मपालांनाही माहीत होतं, म्हणून तर त्यांनी या कामात मोबाईलला बंदी केली होती. लोकांना वाटतं की उत्तर मिळालं म्हणजे गोष्ट संपली. जेवण झालं की नाही एवढंच विचारतात, काय जेवलात ते कुणी विचारत नाही.

हा आकडा आला कुठून, तर पॉवर प्रेसच्या डोक्यावरून. धम्मपाल मूळचे धाराशिवकडचे. दहावी झाल्यावर चुलत्याच्या ओळखीने भोसरीत आले आणि टू-व्हीलरला लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत प्रेसवर उभे राहिले. मधे कंपनी चाकणला गेली. ती प्रेसही ट्रेलरवर चढून चाकणला गेली आणि तिच्यामागून धम्मपाल गेले. प्रेसचं काम सांगायला सोपं आणि करायला जिवावरचं. डाव्या बिनमधून, म्हणजे पेटीतून, पत्रा उचलायचा, साच्यावर ठेवायचा, दोन हातांनी दोन बटणं दाबायची. वरून ठोका पडला की तयार पीस उचलून उजव्या बिनमध्ये ठेवायचा. की पुन्हा डावीकडे.

यात भीती असते ती डबल शीटची. गंज चढू नये म्हणून पत्र्याला तेल लावलेलं असतं, आणि त्या तेलाने दोन पत्रे असे चिकटतात की बघणाऱ्याला एकच वाटावा. दोन एकदम आत गेले की पीस अडकतो, साचा तडकतो, आणि अडकलेला पीस काढायला घाईने हात आत जातो. धम्मपालांचे जोडीदार मालोजी काळोखे, देहूचे. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं पेरापाशीच थांबली आहेत, ती असल्याच एका घाईमुळे. धम्मपालांची मात्र दहाच्या दहा शाबूत. पत्रा उचलतानाच त्यांच्या बोटांना कळायचं की एक आहे की दोन. कस्तुराच्या वडिलांनी स्थळ बघताना मुलाचं शिक्षण न विचारता 'हात दाखव' म्हटलं होतं, असं घरात सांगतात. खरं-खोटं कोण जाणे, पण धम्मपालांनी ती गोष्ट कधी खोडून काढली नाही.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षीच कंपनीने नवी रोबोटची लाइन आणली आणि जुनी प्रेस भंगारात काढायचं ठरलं. शेवटचं बटण बंद करायला साहेबांनी धम्मपाल आणि मालोजींना बोलावलं. प्रेसच्या डोक्यावर आठ आकडी काउंटर होता. ती आल्या दिवसापासून पडलेला प्रत्येक ठोका त्याच्यात जमा होत गेलेला, कुणी कधी शून्यावर आणला नव्हता. मोटर थांबली, पट्टे थांबले, आणि वर तेवढा आकडा दिसत राहिला.

मालोजी मान वर करून बघत म्हणाले, "धम्मपाल, येवढे पीस कितीच्या बिनात मापात बसले आसते रं? येक बी सुटा न राहता?"

प्रेसवरच्या माणसालाच सुचावा असा प्रश्न. शिफ्ट संपताना प्रत्येक बिनमध्ये सारखे पीस भरून द्यावे लागत. जे उरत ते सुटे. त्यांना वेगळी चिठ्ठी बांधायची आणि पुढच्या शिफ्टच्या गळ्यात मारायचे. या सुट्यांवरून जेवढी भांडणं झाली असतील तेवढी तर भाऊबंदकीतही होत नसतील.

"त्यात साचा सेट करतानाचे आणि रिजेक्ट झालेलेबी आहेत की," धम्मपाल म्हणाले. आणि मग स्वतःच म्हणाले, "असू द्या. ठोका तो ठोका."

मालोजी विचारून मोकळे झाले. त्यांना उत्तर नकोच होतं, कुठल्याही मोठ्या गोष्टीसमोर उभं राहिलं की माणूस काहीतरी बोलतो, तसं ते बोलले होते. धम्मपाल मात्र तो प्रश्न घेऊन बसमध्ये बसले आणि घराकडे पुनावळ्याला उतरले तेव्हाही तो त्यांच्याबरोबरच होता.

त्या संध्याकाळी त्यांनी जेवताना कस्तुराला आणि मुलीला, मिनलला, आकडा सांगितला. मिनल हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते, असं धम्मपाल अभिमानाने सगळ्यांना सांगत. "दोनने जात नाही, शेवटी तीन आहे," ते म्हणाले. "पाचनेबी नाही. तीनने बघायला आकड्यांची बेरीज केली, तेवीस आली. म्हणजे तीनच्या बिनात भरले तर दोन सुटे. सातने केला, सहा सुटे. आता पुढचं उद्या. आणि मिनू, मोबाईलला हात लावायचा नाही. हे मी बघणार."

"नाही लावत, पप्पा," मिनल म्हणाली.

मोबाईलला तिने हात लावलाही नाही. खोलीत जाऊन लॅपटॉप उघडला. आकडा टाकून बोट उचललं नाही तोच उत्तर समोर. १४२७ गुणिले १७३८९. बस, दोनच तुकडे आणि दोन्ही असे की त्यांचे आणखी तुकडे होत नाहीत. मिनल थोडा वेळ स्क्रीनकडे बघत बसली. मजा येईल असं वाटलं होतं, पण काहीच वाटलं नाही. बाहेर पप्पा कस्तुराला उत्साहाने सांगत होते, "अकराने बघितलं पाहिजे गं, अकराची एक वेगळीच युक्ती असते." मिनलने लॅपटॉप मिटला आणि यातलं कुणाला काही सांगायचं नाही असं ठरवलं.

धम्मपालांनी कामाची आखणी अस्सल कारखान्याच्या पद्धतीने केली. आधी त्यांच्या ध्यानात आलं की दोनने सुटे राहत असतील तर चार, सहा, आठने राहणारच, तेव्हा ते करायचे कष्ट वाया. फक्त ज्या आकड्यांचे तुकडे पडत नाहीत तेवढेच घ्यायचे. शाळेत त्यांना मूळ संख्या म्हणत. मग हेही ध्यानात आलं की पाच हजारांच्या पुढे जायचं कारण नाही. एका बिनमध्ये पाच हजारांहून जास्त पीस बसले तर बिनांचीच संख्या पाच हजारांच्या आत येणार, आणि ती तर आधीच तपासलेली असणार! हे सुचलं त्या दिवशी ते दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून कस्तुराला सांगायला स्वयंपाकघरात गेले. "बरं," ती म्हणाली, "पण साबण कणकेत पडतोय."

चौकटीच्या कागदांवर त्यांनी पाच हजारांपर्यंतचे आकडे मांडले आणि दोनाचे पट, तीनाचे पट, पाचाचे पट असे खोडत गेले. खोडून खोडून शेवटी उरले ते मूळ. आता हे कागदावरूनच एकेक करत जाता आलं असतं. पण कागद बघून त्यांचा हात चालेना. काम म्हटलं की डावीकडून उचलायचं आणि उजवीकडे ठेवायचं, हे अंगात भिनलेलं. शेवटी कुदळवाडीच्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी पत्र्याच्या गोल चकत्या आणल्या. पत्र्याला भोक पाडताना मधला जो तुकडा गळून पडतो, त्या या चकत्या. रॉकेलने धुतल्या, वाळवल्या, प्रत्येकीवर पेंटच्या पेनाने एक मूळ संख्या लिहिली आणि क्रमाने थप्प्या लावल्या. डाव्या डब्यातली वरची चकती उचलायची, तिच्या आकड्याने भागायचं, किती सुटे राहिले ते बघायचं आणि चकती उजव्या डब्यात अलगद ठेवायची. आदळायची नाही.

आणि चकत्यांना त्यांनी पावसाळ्याच्या तोंडावर तेलाचा हात लावला. पत्रा कोरडा ठेवायचा नसतो. घरभर मशीनचा वास सुटला तेव्हा कस्तुरा म्हणाली की रिटायर माणूस घरी आला की कंपनीही पाठोपाठ घरी येते, हे तिला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

रोज रात्री जेवताना धम्मपाल दिवसाचा हिशेब देत. "आज तेरा. दोन सुटे." दुसऱ्या दिवशी, "आज सतरा. पुन्हा दोनच सुटे! तीनला दोन, तेराला दोन, सतराला दोन. म्हणजे दोन ठोके कमी पडले असते तर तिघांच्याही बिनात बसले असते बघ." तेवीसला तर एकच पीस सुटला, आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. एक ठोका! कुणाच्या शिफ्टला तो एक जादा ठोका पडला असेल, यावर त्यांनी मालोजींना फोन करून अर्धा तास घालवला. मालोजी म्हणाले, "माजा न्हाई बाबा."

मिनल हसायची. पण हळूहळू तिला एक गोष्ट कळली, की ती रात्रीच्या या बातमीची वाट बघते आहे. शेवट तिला माहीत होता, पण सुटे किती हे तिला ठाऊक नव्हतं. तेवढं तिने कधी बघितलं नाही, बघावंसंही वाटलं नाही. ऑफिसमधून यायला उशीर झाला तर ती चप्पल काढता काढता विचारायची, "आज किती सुटे, पप्पा?"

दिवाळी गेली, नवं वर्ष आलं, चकत्या हजाराच्या पुढे सरकल्या. धम्मपालांच्या मनात मात्र एक भलतीच गोष्ट घर करायला लागली. हा आकडा फुटत नाही, असं त्यांना वाटायला लागलं. आधी नुसतं वाटलं, मग पटलं आणि मग त्याचा अभिमान वाटू लागला. "प्रेसच तशी होती," ते म्हणत, "कुणालाच दाद दिली नाही तिने. आकडाबी तसलाच." मिनल ते ऐकून विषय बदलायची. पण तिने हिशेब घातला होता. गुरुवार वगळून १४२७ची चकती कुठल्या दिवशी वर येते ते तिला माहीत होतं, आणि त्या दिवशी पप्पांचा चेहरा बघायला मिळणार म्हणून तिने घरून काम करायची परवानगीही मागून ठेवली.

आदल्या दिवशी पप्पा म्हणाले, "आज चौदाशे तेवीस. बाराशे बावन्न सुटे."

दुसऱ्या दिवशी मिनल सकाळीच आकुर्डीला जाऊन पेढे घेऊन आली. लॅपटॉप समोर होता पण कान बाल्कनीत. कागदाची सळसळ झाली, पेन थांबलं, डब्याचं झाकण लागलं. धम्मपाल आत आले आणि सोफ्यावर टेकले.

"काय झालं, पप्पा?"

"काय होणार? आज चौदाशे एकोणतीस. नऊशे सत्तेचाळीस सुटे."

मिनल पेढ्यांच्या पुड्यावर हात ठेवून तशीच बसली.

"पेढे कशाचे गं?" कस्तुराने विचारलं.

"काही नाही. ऑफिसात... चांगलं बोलले माझ्याबद्दल."

"मग तोंड का असं?"

दुपारी धम्मपाल फिरायला गेले तेव्हा मिनलने उजवा डबा उघडला. सगळ्यांत वर १४२९. तिच्याखाली १४२३, पण तिची कड जरा जाड दिसत होती. मिनलने नखाने हलकेच उचकटून बघितलं. खाली तेलाने घट्ट चिकटलेली दुसरी चकती होती, १४२७ची. दोन्ही एकदम उचलल्या गेल्या होत्या. आयुष्यभर ज्याने एकही डबल शीट जाऊ दिली नाही, त्याच्या हातून ही डबल गेली होती, आणि चकत्यांना तेल लावलं नसतं तर गेलीही नसती. पण प्रेसवरच्या माणसाने तेल लावलं नसतं असं कधी झालं असतं?

तिने दोन्ही चकत्या पुन्हा दाबून होत्या तशा ठेवल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला सगळं सांगितलं. पहिल्या संध्याकाळचं लॅपटॉपचंही सांगितलं. कस्तुरा भाजी निवडत ऐकत होती.

"सांगून टाकू का त्यांना?" मिनलने विचारलं.

"त्यांच्या पानातलं तू आधीच उष्टं केलंस," कस्तुरा म्हणाली, "आता निदान घास तरी भरवू नको. त्यांचं त्यांना जेवू दे."

"पण ते पुढे निघून गेलेत, मम्मी. आता शेवटपर्यंत जातील आणि फुटत नाही म्हणूनच बसतील."

कस्तुरा पुन्हा भाजी निवडायला लागली. रोज रात्री धम्मपाल सुटे सांगत राहिले. आता मिनलला ते ऐकवेना.

आठवड्याभराने मालोजींचा फोन आला. प्रेसशॉपमधले जुने सगळे जण येत्या गुरुवारी देहूला त्यांच्या घरी जेवायला जमणार होते. स्पीकर चालू होता, त्यामुळे घरातल्या सगळ्यांनाच ऐकू आलं.

"तुज्या त्या आकड्याचं काय झालं रं? फुटला का न्हाई?"

"फुटत नाही, मालोजी," धम्मपाल म्हणाले. "अजून बरंच तपासायचं राहिलंय, पण चौदाशेच्या पुढे गेलो तरी कुणी दाद देत नाही. मी तर गुरुवारी सगळ्यांसमोर सांगणारच आहे. आपल्या प्रेसचा आकडा फुटत नाही."

"सांग की! भाषणच कर. पोरं बी येत्याली समद्यांची, त्येंनाबी कळूं दे."

मिनलच्या डोळ्यांसमोर ते सगळं उभं राहिलं. देहूचं अंगण, जेवायला बसलेली माणसं, पप्पा उभे राहून आकडा सांगतायत, आणि त्या पोरांपैकी एक कुणीतरी जेवता जेवता मोबाईल काढून म्हणतोय, 'काका, हा तर फुटतो.' पप्पा नुसते खाली बसतील. तिला त्या न पाहिलेल्या पोराचा आत्ताच राग आला. कस्तुरानेही तिच्याकडे बघितलं. घास भरवायचा नव्हता, पण चारचौघांत नवऱ्याचं हसं होऊ देणंही तिला परवडणारं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी मिनल बाल्कनीत जाऊन बसली. सकाळच्या १४८७नेही आकडा फुटला नव्हता. "पप्पा," ती म्हणाली, "डबल शीट तुम्हाला कळायची कशी हो? नुसतं बोटांनी?"

धम्मपालांना एवढंच हवं असायचं. ते खुर्चीत सावरून बसले. "बोटांनीच. वजन कळतं आणि जाडीबी. डोळे झाकून सांगायचो." त्यांनी उजवा डबा ओढला, डोळे मिटले आणि वरच्या चकत्या एकेक करून दोन बोटांत धरायला लागले. "ही एक. ही एक. हीबी एक." मिनल मोजत नव्हती, फक्त आकडे बघत होती. १४३९, १४३३, १४२९. मग ती चिकटलेली जोडी आली. धम्मपालांनी ती बोटांत धरली, अंगठा फिरवला आणि बाजूला ठेवली. "ही एक."

पप्पांची साखर गेली काही वर्षं वाढलेली होती, पायांना मुंग्या येतात असं ते म्हणायचे, पण बोटांबद्दल कधी काही बोलले नव्हते. चहाचा गरम कप ते हल्ली बिनदिक्कत धरतात, हे तिला आत्ता आठवलं.

"आणि हातात ग्लोव्हज असले तर?" तिने कसंबसं विचारलं.

"मग कानाने." धम्मपालांनी डोळे उघडले. एक चकती फरशीवर हातभरावरून सोडली. ठण्ण असा आवाज झाला. दुसरी सोडली, ठण्ण. "एकटा पत्रा गातो," ते म्हणाले, "आणि डबल असला की..." त्यांनी तिसरी सोडली.

ठप्प.

धम्मपालांचा हात तसाच राहिला. खाली वाकून त्यांनी ती चकती उचलली, पुन्हा सोडली. पुन्हा ठप्प. मग कड डोळ्यांजवळ नेली आणि नखाने उचकटली. चिकटलेलं तेल हळूच सुटलं आणि दोन चकत्या दोन हातांत आल्या. एकीवर १४२३, दुसरीवर १४२७.

"डबल," ते म्हणाले. मग दोन्ही तळवे समोर धरून बघितले. "बोटांनी सांगितलं नाही गं. दोनदा हातात आली, दोनदा नाही सांगितलं." एवढ्या वर्षांत मिनलने त्यांचा आवाज असा उतरलेला ऐकला नव्हता. आतून कस्तुरा येऊन दारात उभी राहिली.

दिवसाला एक, हा नियम त्यांनी मोडला. कागद ओढला आणि भागाकार मांडला. चोवीस हजार आठशे चौदात १४२७ सतरा वेळा, वर पाचशे पंचावन्न. एक खाली उतरवला. पाच हजार पाचशे एक्कावन्नात तीन वेळा, वर बाराशे सत्तर. शून्य उतरवलं. बारा हजार सातशेत आठ वेळा, वर बाराशे चौऱ्याऐंशी. शेवटचा तीन उतरवला. बारा हजार आठशे त्रेचाळीस. त्यांनी कागदाच्या कडेला १४२७ला नवाने गुणलं आणि उत्तर लिहिता लिहिता पेन थांबलं. बारा हजार आठशे त्रेचाळीस.

"एकबी सुटा नाही," धम्मपाल म्हणाले.

त्यांनी उलटा गुणाकार करून पाहिला. बरोबर आला. मग १७३८९ या आकड्याकडे बघत बसले, आणि एकदम मान वर केली. "आणि हा फुटणार नाही बघ. हा फुटला असता तर त्याचा बारका तुकडा दीडशेच्या आत असता, आणि दीडशेपर्यंतचे सगळे मी सुरुवातीलाच केलेत. दोनच तुकडे! चौदाशे सत्तावीस बिन, प्रत्येकात सतरा हजार तीनशे एकोणनव्वद. झालं मालोजीचं काम. उद्या सांगतो, आपला आकडा फुटला म्हणून." बोलता बोलता त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि ते हसू अर्ध्यावर थांबलं. ते मिनलकडे बघत होते.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले. "म्हणून डबल शीटचं विचारलंस."

मिनलने होकारार्थी मान हलवली.

"कधीपासून?"

"पहिल्या संध्याकाळपासून. तुम्ही नको म्हणालात तरी मी बघितलं."

धम्मपाल बराच वेळ टेबलावरच्या चकत्या सरळ करत राहिले. मिनल बोलणी खायच्या तयारीने बसली होती.

"म्हणजे मला रोज सकाळी उठायला काहीतरी होतं," ते शेवटी म्हणाले, "आणि तुझं एका मिनिटात संपलं. वर एवढे महिने तोंड दाबून बसलीस, एकटीच. लई जड गेलं असेल गं तुला."

मिनलला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. "संपलं नव्हतं, पप्पा," ती म्हणाली. "फुटतो एवढंच मला माहीत होतं. रोज किती सुटे राहतात ते कुठे माहीत होतं? ते तुम्हीच सांगायचात."

"ते नाही बघितलंस?"

"एकदाही नाही."

धम्मपालांनी तिच्याकडे नीट बघितलं. मग डाव्या डब्यातली वरची चकती उचलली, फरशीवर सोडून ठण्ण वाजते याची खात्री केली आणि तिच्यासमोर ठेवली. १४८९. कोरा कागद तिच्या पुढ्यात सरकवला आणि पेन तिच्या हातात दिलं.

"आता फुटायचं काही राहिलं नाही," ते म्हणाले. "पण ह्याला किती सुटतात ते मलाबी माहीत नाही. तू काढ."

मिनलने डोळे पुसले आणि शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदा हाताने भागाकार मांडला.